सुपर फॉस्फेटच्या पोत्यामागचा माणूस : जॉन बेनेट लॉझ आणि शेतकऱ्यांच्या वर्गणीतली प्रयोगशाळा

सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचे ठरवले, तर तुम्हाला एकरी ५० किलोची तीन पोती लागतात. या खतात १६ टक्के स्फुरद असते, सोबत ११ टक्के गंधक मिळते आणि वर कॅल्शियमही मिळते. डीएपीच्या रांगेत नंबर लागला नाही की आपण याच पोत्याकडे वळतो. हे खत पहिल्यांदा कारखान्यात तयार करून विकणारा माणूस इंग्लंडमधला एक जमीनदार शेतकरी होता. त्याचे नाव जॉन बेनेट लॉझ.

खताची गोष्ट पुढे येईलच. पण आज लॉझविषयी लिहायचे ते मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी. शेतीवरच्या संशोधनाला पैसा कोणी द्यायचा, कसा द्यायचा आणि दिल्यावर त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे अजून सुटलेला नाही. लॉझने तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या परीने सोडवायचा प्रयत्न केला. त्यात त्याच्या खिशातला पैसा होता आणि शेतकऱ्यांची वर्गणीही होती. एक चूक राहून गेली, ती त्याच्या मृत्यूनंतर जड गेली.

लॉझचा जन्म २८ डिसेंबर १८१४ रोजी झाला. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेंडन नावाचे गाव आहे, तिथे रॉथमस्टेड ही त्याच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट होती. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवले. शिक्षण श्रीमंतांच्या मुलांचे व्हायचे तसे ईटन आणि ऑक्सफर्डला झाले, पण पदवी न घेताच तो परत आला. १८३४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, घरची शेती त्याने अंगावर घेतली.

त्याला नाद होता रसायनांचा. शेतात अफू, बेलाडोना यांसारख्या औषधी वनस्पती लावायच्या आणि त्यांतून काय निघते ते बघायचे, हा त्याचा सुरुवातीचा उद्योग. घरातल्या एका चांगल्या झोपायच्या खोलीची त्याने प्रयोगशाळा करून टाकली. आईला ते मुळीच आवडले नाही. पुढे गोठ्याशेजारच्या धान्याच्या कोठारात प्रयोगशाळा हलवावी लागली.

शेतीतला त्याचा पहिला खरा प्रश्न शेजाऱ्याने दिला. त्या काळी इंग्लंडमध्ये सलगमच्या पिकाला हाडांची भुकटी घालायची पद्धत होती. लॉर्ड डेकर या शेजारच्या जमीनदाराच्या लक्षात आले होते की काही शेतांत या भुकटीने पीक तरारते, तर काही शेतांत तिचा काडीइतकाही उपयोग होत नाही. असे का?

याचे उत्तर आपल्या मातीतही उपयोगी पडते, म्हणून थोडे थांबून सांगतो. हाडातला स्फुरद पाण्यात विरघळत नाही. जमीन आम्लधर्मी असेल तर जमिनीतले आम्लच त्याला हळूहळू विरघळवते आणि मुळांना तो मिळतो. पण जमीन चुनखडीची असेल तर ते होत नाही, भुकटी तशीच पडून राहते. आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत रॉक फॉस्फेटची भुकटी नुसतीच टाकली तर फायदा दिसत नाही, त्याचे कारण हेच आहे. कोकणातल्या आम्ल जमिनीत मात्र तिचा उपयोग होतो.

लॉझने आधी कुंड्यांत आणि मग शेतात प्रयोग केले. हाडे आणि फॉस्फेटचे खनिज यांवर त्याने गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, टाकले. जमिनीला जे आम्लाचे काम जमत नव्हते, ते त्याने शेतात टाकण्याआधीच उरकून घेतले. न विरघळणारा स्फुरद विरघळणारा झाला आणि सोबत जिप्सम तयार झाले. तुमच्या पोत्यातला गंधक येतो तो याच जिप्सममधून. २३ मे १८४२ रोजी त्याने पेटंट घेतले, पुढच्या वर्षी लंडनजवळ थेम्सकाठी डेप्टफर्ड इथे कारखाना काढला आणि जुलै १८४३ पासून खत विकायला सुरुवात केली. चांगल्या घरातल्या माणसाने खताचा धंदा करायचा, हे तेव्हाच्या त्याच्या मंडळींना कमीपणाचे वाटत होते. त्याने ते मनावर घेतले नाही.

हाडांवर आम्ल टाकण्याची युक्ती एकट्या त्याचीच नव्हती, हेही सांगायला हवे. आयर्लंडमधल्या जेम्स मरे या डॉक्टरकडेही तसेच पेटंट होते. लॉझने ते १८४६ मध्ये विकत घेतले. हाडांवरचा दावाही पुढे सोडून दिला आणि आपला हक्क खनिज फॉस्फेटपुरता ठेवला. त्यासाठी कोर्टकचेऱ्याही केल्या. म्हणजे माणूस साधुसंत नव्हता, पक्का व्यापारी होता. पुढचे वाचताना हे लक्षात असू द्या.

खत विकणाऱ्याने खत न घालता ठेवलेला तुकडा

कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, म्हणजे १८४३ च्या जूनमध्ये, लॉझने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर ठेवले. गिल्बर्टचा एक डोळा शाळेत असताना बंदुकीच्या अपघातात गेला होता. जर्मनीत लीबिग या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या शास्त्रज्ञाकडे तो शिकून आला होता. लॉझ कल्पनेचा आणि घाईचा, तर गिल्बर्ट आकड्याला आकडा जुळवणारा आणि चिवट. दोघांची जोडी ५७ वर्षे टिकली. आपल्याकडे दोन भावांची भागीदारी इतकी टिकत नाही.

त्या शरदात ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात त्यांनी गहू पेरला. शेताच्या लांब पट्ट्या पाडल्या. एका पट्टीला दर वर्षी एकरी १४ टन शेणखत. काही पट्ट्यांना फक्त स्फुरद, पालाश अशी खनिजे. काहींना अमोनियाचे क्षार वाढत्या प्रमाणात. आणि एका पट्टीला काहीच नाही, शेणखताची पाटीसुद्धा नाही. दर वर्षी तोच गहू, तीच पट्टी, तेच खत.

ज्याच्या घरात खतविक्रीचा पैसा येतो आहे, त्याने बिनखताची पट्टी कायमची राखून ठेवायची, यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. खतकंपन्यांचे प्रात्यक्षिक प्लॉट आपण पाहतो. तिथे शेजारचा विनाखताचा तुकडा बऱ्याचदा कुठल्या तरी मुरमाड कोपऱ्यात असतो. लॉझने तो एकाच शेतात, एकाच मातीत ठेवला आणि आलेले आकडे छापून सगळ्यांसमोर मांडले. बिनखताच्या पट्टीत सुरुवातीची वर्षे सरल्यावर उत्पादन घसरले आणि मग एकरी साडेतीन-चार क्विंटलच्या आसपास स्थिरावले. ते शून्यावर आले नाही. शेणखताच्या पट्टीत त्याच्या दुपटीहून जास्त गहू येत राहिला. संपूर्ण रासायनिक खताची पट्टीही शेणखताच्या बरोबरीने चालली. आणि स्वतः लॉझ ज्याचा व्यापारी होता तो स्फुरद नत्राशिवाय एकटा दिला, तर गव्हाला फारसा लागू पडला नाही.

हा शेवटचा निकाल लीबिगला मान्य नव्हता. पिकाला नत्र हवेतून मिळतो, शेतकऱ्याने फक्त खनिजे परत द्यावीत, असे त्याचे म्हणणे होते. युरोपभर त्याचा दबदबा. त्याच्यासमोर हार्पेंडनचा हा बिनपदवीचा जमीनदार कोण? वाद वर्षानुवर्षे चालला, कडवटही झाला. लीबिगच्या सूत्रावर काढलेले एक खत इंग्लंडमध्ये विकायला आले होते, ते शेतात चालले नाही. शेतकऱ्यांनी आपला कौल कोणाला द्यायचा ते त्यावरून ठरवले.

चांदीचे ताट नको, खोली बांधा

१८५३ च्या सुमारास हर्टफर्डशायरमधल्या शेतकऱ्यांच्या मनात आले की या माणसाचा सत्कार करावा. त्याच्या प्रयोगांचा फायदा आपण घेतो, पण खर्च तो एकटा करतो आहे. वर्गणी सुरू झाली आणि ती परगण्याबाहेरही पसरली. त्या काळी अशा सत्काराला चांदीचे मोठे भांडे देण्याची रीत होती. आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि मानपत्र देतात, तसेच ते.

लॉझने सांगितले की चांदीपेक्षा प्रयोगशाळा बांधून द्या. धान्याच्या कोठारातली जागा आता पुरत नव्हती. मातीचे, दाण्यांचे, काडाचे नमुने साठत चालले होते आणि ते फेकून द्यायला गिल्बर्ट तयार नव्हता.

शेतकऱ्यांनी ते मान्य केले. लोकवर्गणीतून विटांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि जुलै १८५५ मध्ये ती लॉझच्या हवाली झाली. तुमच्या गावात शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप लोकवर्गणीतून झाला असेल, तर तिथे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याने विटेला पैसे दिले, तो येता-जाता डोकावतो. रॉथमस्टेडचेही तसेच झाले. दर वर्षी शेतकरी प्रयोग बघायला येऊ लागले आणि लॉझ शेतीच्या पत्रांत सोप्या भाषेत निकाल लिहीत राहिला. ब्रॉडबाल्कच्या पट्ट्यांवरून तो दर वर्षी देशातल्या गव्हाच्या पिकाचा अंदाजही वर्तमानपत्रांतून देई.

या वर्गणीच्या प्रयोगशाळेत सगळेच निकाल बरोबर आले, असे मात्र नाही. सर्वांत खर्चिक आणि काटेकोर प्रयोगांपैकी एक तर चुकीच्या उत्तरावर पोचला. शेंगवर्गीय पिके हवेतला नत्र घेतात का, हे शोधायला १८५७ पासून इव्हॅन प्यू या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या मदतीने काचेच्या बंद हंड्यांत रोपे वाढवली गेली. बाहेरचा कोणताही नत्र आत जाऊ नये म्हणून माती तापवून निर्जंतुक केली. उत्तर आले, रोपे हवेतला नत्र घेत नाहीत. आज तुम्ही सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम लावता, म्हणून चूक कुठे झाली ते तुम्हीच सांगाल. माती तापवली, तेव्हाच मुळांवर गाठी करणारे जिवाणू मेले. १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी गाठींचे रहस्य उलगडले. लॉझ आणि गिल्बर्ट तेव्हा म्हातारे झाले होते. तरी त्यांनी प्रयोग पुन्हा केला आणि आपला आधीचा निष्कर्ष अपुरा होता हे उघडपणे छापले. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला हे सोपे नसते. देणाऱ्याला यश दाखवावे लागते.

गावासाठीही त्याने काही केले. शेतमजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे दिले आणि १८५७ मध्ये त्यांच्यासाठी एक क्लबघर काढले. चार्ल्स डिकन्स या प्रसिद्ध लेखकाने ते पाहून त्यावर लेख लिहिला होता.

पैसा दिला, ताबाही दिला

१८७२ मध्ये लॉझने खताचा धंदा तीन लाख पौंडांना विकला. त्यातला तिसरा हिस्सा, एक लाख पौंड, त्याने प्रयोगांसाठी बाजूला काढला आणि १८८९ मध्ये रीतसर विश्वस्तपत्र करून त्याचा लॉझ कृषी विश्वस्त निधी केला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती.

रकमेपेक्षाही मला तिच्या अटी महत्त्वाच्या वाटतात. कारभारासाठी नऊ जणांची समिती नेमली. त्यातले चार रॉयल सोसायटीने पाठवायचे, दोन रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने, प्रत्येकी एक केमिकल सोसायटी आणि लिनीअन सोसायटीने. नववी जागा स्वतः लॉझची, पुढे रॉथमस्टेडच्या वारसदाराची. म्हणजे पैसा त्याचा, पण मत नवातले एक. कोणता प्रयोग चालू ठेवायचा आणि कोणता थांबवायचा, हे ठरवण्याची सत्ता त्याने जिवंतपणी दुसऱ्यांच्या हाती दिली. तोवर धंदा विकून झाला होता, त्यामुळे निकालांवर खताच्या खपाची सावलीही उरली नव्हती.

आपल्याकडे संस्था काढणाऱ्याचे घराणे तीन पिढ्या अध्यक्षपदावर असते. असो.

१८९३ मध्ये प्रयोगांना ५० वर्षे झाली, तेव्हा पुन्हा वर्गणी जमली आणि प्रयोगशाळेसमोर ग्रॅनाइटची एक मोठी शिळा उभारली गेली. लॉझला आधीच सरदारकी मिळाली होती, गिल्बर्टला त्या वर्षी नाइट केले. ३१ ऑगस्ट १९०० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी लॉझ वारला. पाठोपाठ पुढच्या वर्षी गिल्बर्टही गेला.

निधी अपुरा पडतो तेव्हा

इथून पुढची हकीकत लॉझच्या मृत्यूनंतरची आहे, पण ती त्याच्याच विश्वस्तपत्राची परीक्षा होती. एक लाख पौंडांवर वर्षाला मिळणारे व्याज ठरलेले. शास्त्र मात्र वाढत होते. जिवाणूंचा अभ्यास करायचा तर नवी साधने लागणार, नवी माणसे लागणार. नवे संचालक डॅनियल हॉल १९०२ मध्ये आले, तेव्हा त्यांना शास्त्रज्ञाच्या कामाबरोबर झोळीही घ्यावी लागली. १९०४ मध्ये रॉथमस्टेडचे प्रयोग वाढवण्यासाठी वर्गणीदारांची एक सोसायटी काढली गेली. १९०६ मध्ये जेम्स मेसन या खासदाराने जिवाणूशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी एक हजार पौंड दिले. पुढच्या वर्षी लंडनच्या सोनारांच्या जुन्या व्यवसाय-संघाने, गोल्डस्मिथ्स कंपनीने, फक्त मातीच्या अभ्यासासाठी दहा हजार पौंडांचा निधी दिला. एवढे होऊनही संस्थेचे वार्षिक उत्पन्न जेमतेम २८०० पौंडांपर्यंत पोचले. सरकारी अनुदान सुरू झाले ते १९११ पासून.

देणगी मागायला जाणाऱ्याकडे दाखवायला काय होते? इमारत जुनी झाली होती आणि पुढे पाडावीच लागली. पण गिल्बर्टने न फेकलेले नमुने होते. बाटल्यांत सीलबंद माती, गव्हाचे दाणे, काड, आणि प्रत्येकाच्या वह्या. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला याच वह्यांतल्या आकड्यांतून काही निघते का ते बघायला नेमले. त्यातून शेतातल्या प्रयोगांची नवी पद्धत निघाली. आपल्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर गेलात की तुम्हाला एकच वाण तीन-चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकल्यासारखा विखुरलेला दिसतो. कृषी सहायक त्याला पुनरावृत्ती म्हणतात. कस चांगला असलेल्या कोपऱ्याचा फायदा एकाच वाणाला मिळू नये, म्हणून ती चिठ्ठी. ही पद्धत फिशरने रॉथमस्टेडला बसवली.

आता ती चूक. लॉझने विश्वस्तांना पैसा दिला, प्रयोगशाळा दिली, पण प्रयोगांची जमीन विकत किंवा बक्षीसपत्राने दिली नाही. ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. मालकी घराण्याकडेच राहिली. कदाचित पुढची पिढीही आपल्यासारखीच जमीन धरून ठेवील, असे त्याला वाटले असावे. १९३० नंतर वारसांकडून इस्टेट विक्रीला निघाली. लंडन पसरत होते, हार्पेंडनला आगगाडी होती, घरे बांधणाऱ्यांची नजर जमिनीवर होती. एन.ए. प्लॉट पडले असते तर ९० वर्षांचा गव्हाचा प्रयोग संपला असता. मातीचा प्रयोग दुसऱ्या शेतात उचलून नेता येत नाही.

तेव्हाचे संचालक जॉन रसेल यांनी १९३४ मध्ये जाहीर आवाहन केले. पुन्हा वर्गणी. थोड्याच आठवड्यांत सुमारे ३५ हजार पौंड उभे राहिले आणि जमीन विश्वस्तांनी विकत घेतली.

हे वाचून तुम्हाला आपल्याकडची उदाहरणे आठवत असतील. ऊस उत्पादकांनी आपल्या सहकारी कारखान्यांमार्फत १९७५ मध्ये उभी केलेली आणि आज मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून चालणारी संस्था याच वाटेवरची आहे. ब्रॉडबाल्कच्या धर्तीवरचे प्रयोगही आपल्याकडे आहेत. कोइमतूरला १९०९ पासून खतांचा कायमस्वरूपी प्रयोग चालतो. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गहू पीकपद्धतीवर गेली साडेतीन दशके दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. तिथेही एक तुकडा बिनखताचा आहे, एकाला शेणखत आहे, एकाला नुसता नत्र आहे. शिवारफेरीच्या दिवशी गेलात तर नवीन वाणांच्या प्लॉटवर गर्दी असते. या जुन्या तुकड्यांकडेही एकदा जा. नुसता युरिया घातलेल्या पट्टीची माती हातात घ्या, मग शेणखताच्या पट्टीची घ्या.

रॉथमस्टेडला ब्रॉडबाल्कमध्ये गहू आजही शरदात पेरला जातो. नमुन्यांच्या बाटल्या आणि डबे आता तीन लाखांवर गेले आहेत. आणि बिनखताची ती पट्टी अजून बिनखताचीच आहे.